मागे घेतलेलं निवेदन

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्याच्या पुढच्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका शेतकरी बाईनं हवामान बदलाच्या नुकसानीबद्दलचं आपलं लेखी निवेदन भर जनसुनावणीत मागे घेतलं. ते निवेदन मी लिहिलं होतं.

सुनावणी लातूरमधल्या एका ट्यूशन क्लासच्या हॉलमध्ये होती. हॉल क्लासच्या मालकांनी भाडं न घेता दिला होता. अट एकच होती. सकाळची बॅच साडेनऊला सुटते, दुपारची तीनला बसते, मधल्या वेळात सगळं आटोपायचं. फळ्यावर रसायनशास्त्राची समीकरणं होती आणि त्यांच्याभोवती चौकट आखून ‘पुसू नये’ असं लिहिलेलं होतं. आम्ही पुसलं नाही. बॅनर फळ्यावर लावण्याऐवजी टेबलाला बांधला. सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा झाला. आलेल्या प्रत्येकाला निवेदनांची छापील पुस्तिका दिली.

पंच तिघं होते. एक निवृत्त न्यायाधीश, कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेल्या एक प्राध्यापिका आणि दिल्लीहून आलेले एक कार्यकर्ते. त्यांनी मराठवाड्यातली पाच निवेदनं निवडायची होती. ती पाच माणसं दिल्लीच्या सुनावणीत बोलणार होती, आणि त्यांची निवेदनं त्या वर्षीच्या हवामान परिषदेपुढे गरीब देशांतल्या संस्थांनी ठेवायच्या संचात जाणार होती. मागणी अशी होती की, ज्या देशांनी शंभर-दीडशे वर्षं कोळसा आणि तेल जाळून हवा तापवली, त्यांनी ज्यांनी जवळजवळ काहीच जाळलं नाही त्यांच्या नुकसानीचा वाटा उचलावा. त्यासाठी नुकसान कुणाचं, कुठं आणि कशानं झालं हे दाखवावं लागणार होतं. ‘कशानं’ या शब्दापाशी आमचं चुकलं. आमचं म्हणजे माझं.

आमची संस्था किल्लारीच्या भूकंपानंतरच्या मदतछावणीतून उभी राहिली. संस्थेच्या ताई तेव्हा उदगीरच्या कॉलेजात शिकत होत्या. पत्रे आणि भांडी वाटायला आठ दिवसांसाठी म्हणून आल्या आणि राहिल्या. मी त्या वर्षी नांदेडच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. पुढे ते काम सोडून संस्थेत लेखनाचं काम धरलं. हवामानाच्या निवेदनांसाठी आम्ही जो फॉर्म वापरला तो भूकंपाच्या नुकसानीचाच होता, फक्त मथळा बदललेला. वर नाव, गाव, गट नंबर, मग ‘घटनेपूर्वीची स्थिती’, ‘घटनेनंतरची स्थिती’ आणि खाली पंधरा ओळी मोकळ्या.

दिवाळीनंतर मी त्या बाईंच्या शेतावर गेलो होतो. वय पासष्टच्या आसपास, नवरा वारलेला, मुलासोबत सात एकर जमीन कसत होत्या. मी त्यांना मावशी म्हणायचो. त्यांचं बोलणं माझ्या वहीत चार पानं भरलं. सासऱ्यांनी खोदलेल्या विहिरीपासून त्यांनी सुरुवात केली. तिला भर उन्हाळ्यात पाणी असायचं, गावातली पोरं पोहायला यायची, आता तळाला बाभूळ उगवली होती. नंतर पाऊस कसा बदलला ते सांगितलं, नंतर हरभऱ्यावर गारा पडल्या ते. मी वही मिटत असताना त्या म्हणाल्या, “ईहिरीचं पाणी तसं भूकंपाच्या दिशीच गेलं, भाऊ. सकाळी वाकून बगितलं तर कोरडी ठणठणीत.” तेही मी लिहून घेतलं. तारीख, वेळ, सगळं.

नंतर कापलं.

दैनिकात असताना आमच्याकडे बातम्या ब्रोमाइडच्या, म्हणजे फोटोच्या कागदाच्या, पट्ट्यांवर यायच्या. पान लावताना जागा कमी पडली की पट्टी खालून ब्लेडनं कापायची, कारण बातमीत महत्त्वाचं वर असतं आणि शेवटी राहतं ते तपशिलाचं, असं आम्हाला शिकवलेलं होतं. हात त्याला इतका सरावला होता की फॉर्मच्या पंधरा ओळींत चार पानं बसवताना मी तेच केलं. विहीर वर घेतली, कारण तिनं सुरुवात चांगली होत होती. पाऊस आणि गारा मध्ये दोन ओळींत घेतल्या. शेवटचा मजकूर जागेअभावी गेला. उरलं ते असं: पाऊसमान बदलल्यामुळे कधी न आटलेली विहीर कोरडी पडली. मावशींनी सही केली तेव्हा मी ते त्यांना वाचून दाखवलं नाही. एसटीची वेळ झाली होती.

त्यांना वाचता येतं का, हे मी विचारलंही नव्हतं. भूकंपानंतरच्या साक्षरता वर्गात त्या शिकल्या होत्या. त्या सोमवारी सुशीलाची प्लेट बाजूला ठेवून, ओळीखाली बोट धरून त्यांनी पुस्तिकेतलं आपलं पान वाचलं. नाव पुकारल्यावर माइकपाशी गेल्या.

“हा कागद मपल्याच नावाचा हाय. सही बी मपलीच. पर खरं न्हाई. ईहिरीचं पाणी भूकंपानं नेलं. ते पावसाच्या माथी कामून मारायचं?”

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “बाई, तुम्ही निवेदन मागे घेताय का? तुमच्या तालुक्याचं दुसरं निवेदन आमच्यापुढे नाही.”

“हाव. घेतलं मागं.”

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “मावशी, इमानात बसायचं सोडून पुन्हा एसटीत बसल्या की!”

“तू बस इमानात,” त्या वळून म्हणाल्या. “जाताना तुझी ईर लिहून दे.”

हशा झाला. प्राध्यापिका हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “मग पावसानं तुमचं काहीच नेलं नाही?”

“नेलं की. लई नेलं. पर ह्यांनी ईरच धरून ठिवली.”

न्यायाधीशांनी निर्णय दिला. छापलेलं निवेदन रद्द. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत नवं निवेदन आलं तर विचार होईल, पण बाईंच्या शब्दाशिवाय दुसरा काही पुरावा सोबत हवा. परिषदेत पलीकडच्या बाजूला श्रीमंत देशांचे तज्ज्ञ बसलेले असतात आणि एक निवेदन खोटं निघालं तर ते सगळा संच बाजूला ठेवतात, असं त्यांनी सांगितलं.

ताईंनी मला जिन्यात गाठलं. आवाज चढवला नाही.

“वहीत होतं?”

“होतं.”

“मग कापलं कुणी?”

“मी.”

“मग शनिवारपर्यंत जोडायचंही तुम्हीच,” एवढं बोलून त्या दुपारच्या जेवणाचं बघायला गेल्या. हे काम माझ्याकडून काढून घ्यावं असं संस्थेच्या एका विश्वस्तांनी त्याच दुपारी सुचवलं होतं, हे मला पुढे कळलं. ताईंनी ते केलं नाही. कशामुळे, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं मी शिरूर अनंतपाळला निघालो. मावशी रात्री लातूरला बहिणीकडे राहिल्या होत्या. त्या त्याच गाडीत होत्या आणि त्यांनी माझ्यासाठी खिडकीजवळच्या जागेवर पिशवी ठेवली होती. मला बोलणी खायची तयारी ठेवावी लागेल असं वाटलं होतं. त्यांनी पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून दिल्या.

मी त्यांना ब्रोमाइडच्या पट्ट्यांचं सांगितलं. माफीही मागितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे शेवटाला बोलनाऱ्याचं तुमी कधीच छापलं न्हाई?”

“जागा असली तर छापायचो.”

“मंग मी पयलं सांगायला पायजे होतं.” त्या हसल्या. मग आपणहून बोलल्या. भूकंपानंतरच्या पाहणीत त्यांच्या गल्लीतल्या एका माणसानं जनावरांचा गोठा राहतं घर म्हणून लिहून दिला होता. कुणीतरी अर्ज केला, फेरतपासणी लागली आणि सबंध गल्लीची यादी अडकली. त्यांच्या घरानं दुसरा पावसाळाही पत्र्याच्या शेडमध्ये काढला. “एकाचं खोटं, पर भिजलो समदे,” त्या म्हणाल्या. “आता हे कागद परदेशात जानार. तितं आपल्यावानी लई मुलखातले लोक असतील ना? त्यांची यादी मपल्या ईहिरीपायी अडकावी, हे मला नगं होतं.”

सुनावणीत त्यांनी हे कारण सांगितलं नव्हतं. मी ते वहीत लिहून घेतलं आणि पुरावा काय देता येईल असं विचारलं.

“मिस्त्रीला इचारा. ईर गेल्यावर बोअर मारला, त्या बोअरचं मपल्याहून त्याला जास्त ठावं.”

मिस्त्रींचं दुकान शिरूरला स्टँडजवळ होतं. मोटार रिवाइंडिंगचं. घराणं गावात चार पिढ्यांपासूनचं, मुसलमान. आजोबा ऑइल इंजिन दुरुस्त करायचे, वडील विहिरीवरच्या मोटारी, आणि हे बोअरमधल्या सबमर्सिबल. आम्ही गेलो तेव्हा ते तांब्याची तार गुंडाळत होते. त्यांनी हात थांबवला नाही.

“या आक्का. जळली का मोटार पुन्हा?”

“मोटार न्हाई, भाई. ह्यांचा कागद जळला.”

“पेपरवाले का?”

“होतो,” मी म्हणालो. “आता संस्थेत आहे.”

“म्हंजे आधी छापत होते, आता फाइल करून राहिले.” त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. “बोला साहेब. चाय घ्या आधी.”

मी सगळं सांगितलं. परिषद, नुकसान, कुणी भरून द्यावं ही मागणी, आणि शनिवारची मुदत. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “समजलं. पंचनामा हाय. फक्त तलाठी लांबचा हाय.”

त्यांचं काम असं होतं. बोअरमध्ये मोटार लोखंडी पाईपांना टांगलेली असते, एकेक पाईप वीस फुटांचा. पाणी खाली गेलं की मोटार वर काढायची, पाईप वाढवायचे आणि पुन्हा सोडायची. दर वेळी काढताना किती पाईप आत आहेत ते ठाऊक नसलं तर घोटाळा होतो. तरुणपणी एकदा त्यांनी अंदाजानं काम केलं आणि एका शेतकऱ्याची मोटार बोअरमध्ये कायमची पडली. तेव्हापासून मोटार सोडली की स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडून आतल्या बाजूला ऑइलपेंटनं महिना, साल आणि पाईपांची संख्या लिहायची, असा त्यांचा नेम होता. वही हरवते, पेटी हरवत नाही, असं त्यांचं म्हणणं.

“पानी किती खोल हाय ते अल्लाला ठावं, साहेब. मोटार किती खोल टांगली ते मला ठावं. येवढं चालतं का?”

मी प्राध्यापिकांना फोन केला. त्या म्हणाल्या, “चालतं म्हणजे? असं काही माझ्याकडे तीस वर्षांत कुणी आणून दिलं नाही. झाकणाचा फोटो घ्या, आणि फोटोशेजारी आकडे हातानं उतरवून घ्या.”

टमटम करून आम्ही तिघं शिवारात गेलो. मावशींची पेटी लिंबाच्या खोडाला टांगलेली होती, वरून पत्रा. झाकणाच्या आत एकाखाली एक ओळी होत्या, वरच्या पांढऱ्या रंगात, मधल्या पिवळ्या, शेवटच्या दोन लाल. पहिल्या ओळीत नऊ पाईप होते, शेवटच्या ओळीत एकोणतीस. दोन ठिकाणी संख्या कमी झालेली होती. ती कोणती सालं, असं मी विचारलं तर मावशी आणि मिस्त्री एकदमच बोलले. चांगल्या पावसाची सालं होती, तेव्हा पाणी वर आलं म्हणून मोटार वर घेतली होती.

मंगळवार आणि बुधवार मिळून आम्ही त्या शिवारातल्या चौदा पेट्या उघडल्या. अकरांवर नोंदी पूर्ण होत्या. तिघांनी पेट्या बदललेल्या होत्या. त्यांतल्या एकापाशी मिस्त्री म्हणाले, “ह्या बोअरचं मला समदं आठवतं. पर झाकण नवं हाय. लिवू नका.” मी लिहिलं नाही. दैनिकात दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय बातमी सोडायची नाही असा नियम होता. तो नियम मी तिथं बसून शिकलो होतो आणि इथं, मोटारीच्या ग्रीसनं काळे झालेले हात पुसत, कुणी न शिकवता हा माणूस तो पाळत होता.

पाचव्या की सहाव्या पेटीपाशी त्यांनी शेजारच्या उसाकडे हात केला. “हे बी घ्या. पाईपा नुसत्या पावसानं न्हाई वाढल्या. बोअर लई झाले, आन् ऊस.”

“आमी बी लावलता,” मावशी म्हणाल्या. “तीन साल. मंग पानीच पुरंना.”

मी पेन उचललं होतं, टेकवलं नाही. ऊस लिहिला तर निवेदन दुबळं होईल, हे मला तिथं उभ्या उभ्या दिसत होतं. पलीकडच्या तज्ज्ञांना तेवढंच पुरे झालं असतं.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. “पुन्हा खालून कापता का, भाऊ?”

मिस्त्रींना त्यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी ते हसले. मी ऊस लिहिला, बोअर लिहिले.

गुरुवारी तहसील कचेरीतल्या एका कारकुनानं तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या नोंदींची नक्कल एका दिवसात करून दिली. नियमानं त्याला आठवडा घेता आला असता. नक्कल घेऊन मी लातूरला प्राध्यापिकांच्या घरी गेलो. आकडे तपासून देते, पण निवडीत या निवेदनावर मत देणार नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. झाकणांवरच्या ओळी आणि पावसाचे दिवस त्यांनी शेजारी शेजारी मांडले. पाऊस किती पडला यापेक्षा किती दिवसांत पडला हे बघा, असं त्यांनी सांगितलं. एकदम कोसळलेला पाऊस काळ्या जमिनीवरून वाहून जातो, खाली मुरत नाही. ज्या सालांत दिवस कमी, त्यांच्या पुढच्याच उन्हाळ्यात पाईप वाढलेले दिसत होते. सगळ्याच सालांत नाही, पण बहुतेक. त्यांनी मला दोन सूचना केल्या. ‘बहुतेक’ हा शब्द गाळू नका. आणि पावसाला ‘कारण’ म्हणू नका, ‘कारणांपैकी एक’ म्हणा. उसाचा परिच्छेद वाचून त्या म्हणाल्या, “हा असल्यामुळे बाकीचं खरं वाटतं.”

शुक्रवारी मी निवेदन घेऊन शेतावर गेलो. या वेळी ते तीन पानांचं होतं. फॉर्म वापरला नव्हता, कारण त्यातल्या ‘घटने’ला या निवेदनात दिवस नव्हता. विहीर भूकंपात गेली, हे पहिल्याच ओळीत होतं. मावशी ओट्यावर बसून वाचत होत्या, मी समोर बसून होतो. सुनेनं चहा आणून ठेवला, तो गार झाला. दुसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

“जीवनदायिनी म्हंजे काय?”

“बोअरबद्दल आहे ते. जगवणारी, या अर्थानं.”

“मंग बोअर म्हना.”

मी तो शब्द काढला. गारांच्या परिच्छेदात त्यांनी एक ओळ वाढवायला लावली: हरभरा गेला त्या वर्षी मुलानं बैल विकले. ते त्यांनी पहिल्या वेळी सांगितलं नव्हतं. कामून, असं विचारल्यावर म्हणाल्या, “तवा तुमी घड्याळ बगत होते.”

शनिवारी दुपारी दोन वाजता निवेदन, अकरा झाकणांचे फोटो, मिस्त्रींचा सहीचा जबाब आणि पर्जन्यमापकाची नक्कल असं सगळं मी न्यायाधीशांच्या घरी दिलं. त्यांनी दारातच पहिलं पान वाचलं आणि आत बोलावलं. पूर्ण वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारला, “ऊस कुणी लिहायला सांगितला?”

“मिस्त्रींनी. आणि बाईंनी.”

त्यांनी मान डोलावली आणि पोच लिहून दिली.

पुढच्या आठवड्यात यादी आली. शिरूर अनंतपाळ तालुक्याचं निवेदन पाचांत चौथं होतं. महिनाभरानं मावशी दिल्लीला गेल्या, रेल्वेनं, ताईंच्या सोबत. त्यांना बोलायला सात मिनिटं दिली होती. त्या चार मिनिटांत बोलून बसल्या. ताई हिंदीत सांगत होत्या आणि पुढे कुणी इंग्रजीत. शेजारच्या देशातल्या किनाऱ्यावरचा एक शेतकरी तिथं होता, त्याच्या भाताच्या खाचरात समुद्राचं खारं पाणी शिरत होतं. त्यानं दुभाष्यामार्फत मावशींना विचारलं की, मोटार किती खोल आहे. त्यांनी सांगितलं, एकोणतीस पाईप. त्यानं तो आकडा आपल्या वहीत लिहून घेतला. हे ताईंनी मला सांगितलं, आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या दुसऱ्या एका कार्यकर्त्यानंही वेगळं विचारल्यावर तेच सांगितलं.

मिस्त्री तेव्हापासून झाकणावर एक रकाना जादा लिहितात. मोटार सोडली त्या वर्षी पाऊस किती दिवस पडला, तो. तालुक्यातल्या दुसऱ्या दोन मिस्त्रींनीही तसं सुरू केलं आहे. शिरूरच्या या मिस्त्रींमुळे झाकणांवरच्या नोंदी गोळा करण्याचं संस्थेचं आजचं काम उभं राहिलं, आणि मला माझं काम नव्यानं शिकता आलं. हे मी त्यांना दुकानात जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “चाय घ्या साहेब,” आणि तार गुंडाळत राहिले.

निवेदन परिषदेच्या अंतिम संचात घेतल्याचं पत्र त्या वर्षी दसऱ्याच्या आधी संस्थेच्या कार्यालयात पोचलं. त्याची मराठी प्रत घेऊन मी शेतावर गेलो. मावशींनी ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि मिळाल्याची सही केली.